रात्रपाळीची परिचारिका आणि तीन महिन्यांची उधारी

प्रति,
महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांचे संचालक, शुश्रूषागृहांचे मालक
आणि त्यांच्या मनुष्यबळ व लेखा विभागांचे प्रमुख यांस,



परिचारिका मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी टिकत नाहीत, ही तक्रार पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर किंवा नागपूर अशा कोणत्याही शहरातील पन्नास ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात ऐकायला मिळते आणि ती खोटी नाही. त्याच शहरांत नव्याने सुरू झालेल्या नर्सिंग ब्युरोंची, म्हणजे रुग्णालयांना आणि घरी असलेल्या रुग्णांना पाळीच्या हिशोबाने परिचारिका, ब्रदर, मावशी आणि मामा पुरवणाऱ्या छोट्या संस्थांची तक्रार नेमकी उलट्या टोकाची आहे. ग्राहक मिळत नाही, मिळाला तर पैसे वेळेवर येत नाहीत, आणि पैसे अडकले की मोठ्या खटपटीने जमवलेल्या परिचारिका दुसऱ्या महिन्यात फोन उचलेनाशा होतात. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असून ते बऱ्याच अंशी आपल्या लेखा विभागाच्या टेबलावर आहे, असे या पत्राचे प्रतिपादन आहे.

प्रथम गरजेचा हिशोब. अतिदक्षता विभागातील एका जागी चोवीस तास परिचारिका हवी असेल तर आठवड्याला आठ-आठ तासांच्या एकवीस पाळ्या भराव्या लागतात. एक परिचारिका आठवड्यातून सहा पाळ्या करते असे धरले तर त्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात, आणि हक्काच्या रजा, आजारपण व बाळंतपण मिळवले की हा आकडा चारच्या वर जातो. पटावर तीनच माणसे ठेवून उरलेली तूट डबल ड्यूटीने, म्हणजे सलग दोन पाळ्या करवून घेऊन, भागवण्याची पद्धत इतकी रूढ झाली आहे की तिला आता कोणी तूट म्हणतही नाही. दिवाळी, उन्हाळ्यातील लग्नसराई, नर्सिंगच्या परीक्षा आणि सरकारी भरतीचे निकाल या चार वेळांना ही तूट उघडी पडते आणि तेव्हाच ब्युरोची आठवण होते.

ती आठवण कशी होते, तेही पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी साडेसहाला इन्चार्ज सिस्टरचा फोन येतो, आठच्या पाळीला दोन ‘आयसीयू ट्रेन्ड’ सिस्टर हव्यात असे सांगितले जाते, दर विचारताच ‘आधी पाठवा, नंतर बघू’ असे उत्तर मिळते, आणि रात्री आठला पोहोचलेल्या मुलीला धड हँडओव्हर न देता, म्हणजे आधीच्या पाळीने रुग्णाची स्थिती, चालू औषधे आणि नळ्या-सलाईनची माहिती समजावून न देता, विभागातील सर्वांत अवघड खाट सोपवली जाते. क्रॅश कार्ट, म्हणजे हृदयक्रिया थांबल्यास लागणारी औषधे व साधने ठेवलेली ढकलगाडी, कुठे आहे हे तिला प्रसंग आल्यावरच कळते. तिला लॉकर नसतो, जेवणाच्या कूपनाच्या यादीत तिचे नाव नसते, आणि सकाळी ड्यूटी स्लिपवर सही घ्यायला जावे तर रात्रीच्या इन्चार्ज निघून गेलेल्या असतात व सकाळच्या इन्चार्जने तिला पाहिलेलेच नसते. महिनाअखेरीस त्या न मिळालेल्या सहीपोटी एक पाळी बिलातून वजा होते. अशा दोन-तीन रात्रींनंतर ती पुन्हा त्या रुग्णालयात जायला नकार देते, आणि तिच्या वसतिगृहातील आणखी पाच जणी ऐकून नकार देतात, हे आपल्यापर्यंत पोहोचत नसावे. ब्युरोच्या परिचारिकेला पहिल्या पाळीआधी अर्धा तास विभाग दाखवावा, हँडओव्हरमध्ये धरावे आणि पाळी संपताच स्लिपवर सही करण्याची जबाबदारी एका ठरावीक पदावर टाकावी, ही या पत्रातील पहिली आणि बिनखर्चाची विनंती आहे.

दुसरा मुद्दा उधारीचा, आणि त्यावर अधिक थांबणे भाग आहे. उदाहरणादाखल वीस परिचारिका पुरवणारा ब्युरो घ्यावा. प्रत्येकीचा पगार 20,000 रुपये धरला तर महिन्याचे 4,00,000 रुपये होतात. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर मालकाचा हिस्सा व प्रशासकीय आकार मिळून माणशी सुमारे 1,950 रुपये भरावे लागतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालकाचा वाटा वेतनाच्या सव्वातीन टक्के, म्हणजे माणशी 650 रुपये. एवढ्याने खर्च 4,52,000 रुपयांवर जातो. त्यावर ब्युरोने माणशी 1,800 रुपये सेवा आकार लावला, तर करापूर्वीचे बिल 4,88,000 रुपयांचे होते आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 87,840 रुपये चढतात. ब्युरोचा सेवा आकार महिन्याला सारा मिळून 36,000 रुपये. त्यातच कार्यालयाचे भाडे, फोन, परिचारिकांच्या नोंदणीची पडताळणी आणि रात्री-अपरात्री बदली माणूस शोधणाऱ्या समन्वयकाचा पगार भागवायचा आहे.

आता तारखा पाहाव्यात. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा असे वेतनाचा कायदा सांगतो; निर्वाह निधी आणि विमा योजनेची रक्कम पंधरा तारखेपर्यंत भरावी लागते; वस्तू व सेवा कर साधारणपणे वीस तारखेपर्यंत, आणि तोही बिल निघाले म्हणून, पैसे हाती आले म्हणून नव्हे. आपल्याकडे मात्र पाच तारखेला आलेले बिल आधी मनुष्यबळ विभागात, तेथून मेट्रनच्या पडताळणीला, मग लेखा विभागात आणि शेवटी ‘पुढच्या पेमेंट सायकल’मध्ये जाते. या वाटेत नव्वद दिवस गेले, तर वरील उदाहरणातील ब्युरोचे सोळा लाखांहून अधिक रुपये सतत बाहेर अडकलेले राहतात; बँकेने 12 टक्के दराने कर्ज दिले असे धरले तरी वर्षाचे व्याज एक लाख नव्वद हजारांच्या पुढे जाते, आणि वर्षाचा संपूर्ण सेवा आकार आहे चार लाख बत्तीस हजार. पहिल्या पिढीतल्या, तारण ठेवायला घर नसलेल्या ब्युरोचालकाला 12 टक्क्यांनी कर्ज मिळते कुठे, हा प्रश्न तूर्त बाजूलाच ठेवलेला बरा. साध्या शब्दांत, आपल्या रुग्णालयाच्या पगारपत्रकाला भांडवल पुरवण्याचे काम गावातील सर्वांत दुबळ्या व्यावसायिकावर ढकलले गेले आहे. तो ते दोन महिने रेटतो, तिसऱ्या महिन्यात परिचारिकांचे पगार लांबवतो, आणि चौथ्या महिन्यात त्या मुली दुसरीकडे जातात. मग ‘ब्युरोच्या सिस्टर टिकत नाहीत’ असा शेरा आपल्याच बैठकीत मारला जातो.

कायदा याबाबत मोघम नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 प्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराला करारात काहीही लिहिलेले असले तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर ही मुदत 15 दिवसांचीच असते, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. वित्त अधिनियम, 2023 ने प्राप्तिकर कायद्यात केलेल्या तरतुदीमुळे तर अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजाही दाखवता येत नाही. आपल्या सनदी लेखापालांना हे सारे ठाऊक आहे. अडचण एवढीच की, तक्रार करणाऱ्या ब्युरोला पुढचे काम मिळत नाही आणि म्हणून तक्रार होत नाही. तेव्हा दुसरी विनंती अशी की, ड्यूटी स्लिपवर सही झालेल्या पाळ्यांचे बिल तीस दिवसांत चुकते करण्याची अट आपण स्वतःहून करारात घालावी, आणि एखाद्या पाळीबद्दल वाद असेल तर तेवढी पाळी बाजूला ठेवून उरलेले पैसे सोडावेत. एका पाळीच्या वादासाठी पाचशेहून अधिक पाळ्यांचे बिल अडवून ठेवण्याची रीत कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

येथे आपली बाजूही मांडली पाहिजे. रुग्णसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्यामुळे मनुष्यबळाच्या बिलावर भरलेल्या 18 टक्क्यांची वजावट रुग्णालयाला मिळत नाही. तीच परिचारिका थेट पटावर घेतली तर हा कर लागतच नाही. वरच्या उदाहरणात कराची रक्कम ब्युरोच्या सेवा आकाराच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे ब्युरो महाग वाटतो आणि पैसा जातो सरकारकडे. शिवाय विमा कंपन्या आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना यांच्याकडील रकमा आपल्यालाही उशिरा मिळतात, हे खरे. परंतु कराचा भार सोसवत नाही म्हणून वीस लाखांच्या उलाढालीखालचा, नोंदणी नसलेला ब्युरो शोधणे, किंवा करासकट जुन्याच दरात बसवण्याचा आग्रह धरणे, याचा अर्थ तो भार परिचारिकेच्या पगारातून काढणे असा होतो. कारण निर्वाह निधी आणि कर यांना हात लावता येत नाही, तेव्हा कात्री चालायला दुसरी जागाच उरत नाही. कराबाबत रुग्णालयांच्या संघटना आणि ब्युरोचालक यांनी मिळून शासनाकडे दाद मागणे हा मार्ग खुला आहे आणि त्यात दोघांचे हित एक आहे.

दराचा प्रश्न याला लागूनच येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या: दोनशेहून अधिक खाटा असतील तर राज्य शासनाच्या समकक्ष परिचारिकेइतके वेतन, शंभरहून अधिक असतील तर त्यापेक्षा फार तर 10 टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर 25 टक्के कमी, आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान 20,000 रुपये. ही गोष्ट दहा वर्षांमागची आहे. आजही तीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका, पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद झालेली परिचारिका त्याहून कमी दरात मागितली जाते आणि ‘दुसरा ब्युरो याहून स्वस्तात देतो’ हे वाक्य ऐकवले जाते. दुसरा ब्युरो देतो, यात शंका नाही. तो नोंदणीकृत परिचारिकेच्या जागी सहा महिन्यांचा कुठला तरी अभ्यासक्रम केलेली मुलगी पांढरा एप्रन घालून पाठवतो, हे आपल्या मेट्रनबाईंना पहिल्याच कॅन्युलाला, म्हणजे शिरेत बारीक नळी बसवतानाच, कळते. हे कळूनही पाळी भरली म्हणून गप्प बसण्याची किंमत रुग्ण चुकवतो.

या संदर्भात ब्युरो व्यवसायाची बाजू धुतल्या तांदळासारखी नाही, हे नमूद केल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक ठरणार नाही. कामाच्या आशेने आलेल्या मुलींकडून नोंदणी शुल्क घेणे, पहिल्या पगारातून मोठा वाटा कापणे, मूळ प्रमाणपत्रे कपाटात बंद करून ठेवणे, हे प्रकार घडतात. इमारतीला रखवालदार पुरवायचा असेल तर खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, 2005 खाली परवाना काढावा लागतो आणि माणसाच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी करावी लागते. रुग्णाच्या उशाशी माणूस बसवणाऱ्या संस्थेची तशी तपासणी व्यवहारात होताना दिसत नाही आणि दुकानासारखी नोंदणी करून कोणीही पाटी लावताना दिसतो. ही पोकळी भरून निघेपर्यंत छाननीचे काम ग्राहकालाच करावे लागेल. म्हणून तिसरी विनंती अशी की, ब्युरो निवडताना केवळ दरपत्रक न मागवता परिचर्या परिषदेची नोंदणी, निर्वाह निधीची चलने आणि परिचारिकेच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या पगाराचा पुरावा मागावा. पुरवठादाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी अखेर मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या आस्थापनेत काम होते त्याच्यावर येते, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमात होते आणि 2020 च्या नव्या कामगार संहितेतही कायम आहे. तेव्हा ही कागदपत्रे पाहणे ही आपलीही गरज आहे. चोख काम करणारा नवा ब्युरो अशा तपासणीला घाबरत नाही, उलट स्वस्ताईच्या स्पर्धेतून त्याची सुटका तिच्यामुळेच होते.

नव्या ब्युरोला माणसे कोठून मिळतात, याची कल्पना आपल्याला असावी. नांदेड, लातूर, परभणी, बीड, यवतमाळ या जिल्ह्यांतून शिकून आलेल्या मुली शहरात चार-चार जणींनी खोली घेऊन राहतात. एकीचा अनुभव चांगला असला की बाकीच्या येतात, आणि कोणतीही जाहिरात या तोंडी साखळीची बरोबरी करू शकत नाही. त्यांच्या घरच्यांना ‘कंत्राटी’ हा शब्द उच्चारताच धडकी भरते, आणि सप्टेंबर 2023 मध्ये नऊ संस्थांमार्फत सरकारी कार्यालयांत बाह्यस्रोतातून माणसे घेण्याचा शासन निर्णय निघून विरोधामुळे पुढच्याच महिन्यात रद्द झाला, त्या गदारोळाने ती धडकी वाढली. अशा मुलीला ब्युरोकडे येण्यासाठी पगाराखेरीज एकच मोठे आकर्षण असते, ते म्हणजे अनुभवाचा दाखला. जर्मनी, आखाती देश किंवा ब्रिटन येथे जायचे असो, वा येथल्याच मोठ्या रुग्णालयात, खाटांची संख्या आणि विभाग नमूद केलेला रुग्णालयाचा दाखला अनेकदा मागितला जातो. ब्युरोमार्फत वर्षभर आपल्या अतिदक्षता विभागात राबलेल्या परिचारिकेला मात्र ‘तुम्ही आमच्या पटावर नव्हता’ असे सांगून परत पाठवले जाते. तिने हाताळलेले रुग्ण आपले होते, चार्टवर तिच्या सह्या आहेत. मग अमुक काळ, अमुक विभागात, अमुक ब्युरोमार्फत काम केले एवढे सत्य आपल्या शिक्क्यासह लिहून देण्यात कोणते उत्तरदायित्व येते? रुग्णालयाने असा दाखला देण्याची हमी करारात दिली, तर नव्या ब्युरोची भरतीची अर्धी अडचण दूर होईल आणि त्याचा पहिला लाभ त्या रुग्णालयालाच होईल.

परिचारिकांचा दुसरा साठा तर नजरेआड पडून आहे. लग्न, बाळंतपण किंवा सासूचे आजारपण यांमुळे घरी बसलेल्या, आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिका प्रत्येक शहरात आहेत. मुले शाळेत असतानाच्या पाच-सहा तासांसाठी त्या यायला तयार असतात. सकाळच्या पाळीत स्पंजिंग, ड्रेसिंग, राउंड, डिस्चार्ज अशी सगळी गर्दी त्याच तासांत असते, तरीही ‘बारा तासांची ड्यूटी करणार असेल तरच पाठवा’ असा हट्ट धरला जातो. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धी पाळी बसत नाही, हे त्याचे कारण ऐकू येते. सॉफ्टवेअर बदलता येते.

माणसे पळवण्याच्या प्रकाराबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ब्युरोने शोधलेली, पडताळलेली, दोन-तीन महिने जपलेली परिचारिका चांगली निघाली की तिला बाजूला घेऊन थेट नोकरी देऊ केली जाते आणि ब्युरोला महिनाअखेरीस कळते. तिने कायम नोकरी स्वीकारू नये असे कोणीही म्हणू शकत नाही. उपजीविकेला बंधन घालणारा करार भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नेच निरर्थक ठरवला आहे, आणि तिच्याकडून बंधपत्र लिहून घेणारे ब्युरो चूकच करतात. मागणी तिच्यावर बंधन घालण्याची नसून रुग्णालयाने ब्युरोला ठरलेला मोबदला देण्याची आहे: पहिल्या तीन महिन्यांत घेतली तर एका महिन्याच्या पगाराइतका, सहा महिन्यांनंतर काही नाही, अशी काही उतरती रक्कम करारात आधीच लिहावी. असे झाले तर चांगली माणसे आपल्यापासून लपवून ठेवण्याचे कारणही ब्युरोला उरणार नाही.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना घरी शुश्रूषेसाठी कोणता ब्युरो सुचवायचा, याचा निर्णय काही ठिकाणी कमिशनवर होतो. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्यास डॉक्टरांना 2002 च्या व्यावसायिक आचारनियमांनी मनाई केलेली आहे. तोच संकेत रुग्णालयाच्या खिडकीवरही पाळला जावा. दोन-तीन ब्युरोंची नावे दर आणि पात्रतेसह भिंतीवर लावली तरी पुरे.

शेवटी पात्रतेच्या अटींविषयी. तीन वर्षांचा अनुभव, काही कोटींची उलाढाल आणि तीन मोठ्या रुग्णालयांची प्रशस्तिपत्रे मागितली की नवा ब्युरो दारातच अडतो, आणि जुन्यांतले तेच दोघे-तिघे आलटून-पालटून राहतात, ज्यांच्याबद्दल आपली तक्रार असते. त्याऐवजी एखाद्या नव्या ब्युरोला एकच विभाग, सहा परिचारिका आणि तीन महिने द्यावेत. गैरहजेरी किती, बदली माणूस किती तासांत आला, औषध देण्यातील चुका किती, याची नोंद मेट्रनने ठेवावी, आणि आपल्याकडून पैसे कोणत्या तारखेला सुटले याची नोंद त्याच कागदावर लेखा विभागाने करावी. तीन महिन्यांनंतर तो कागद दोन्ही पक्षांसमोर ठेवून करार वाढवायचा की थांबवायचा, हे ठरवावे.



आपला विश्वासू,
नर्सिंग ब्युरो व्यवसायाचा एक अभ्यासक